पॉइंट टू-टू आणि पत्र्यांचे पैसे

आमच्या घरात रायफल घेण्याची चर्चा होईल असे काही वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. आमचे घर कामशेतला, स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर. दोन खोल्या आणि वर पत्रे. आमच्यातला एक तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जातो, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. घरात म्हातारी आजी, थोरली मुलगी कॉलेजात, धाकटा शाळेत. मावळातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना गळक्या पत्र्यांचे दुखणे सांगायला नको. त्या साली पत्रे बदलायचेच असे ठरवून आम्ही बचत गटाचे कर्ज आणि दिवाळीचा बोनस मिळून चाळीस हजार रुपये डब्यात जमवले होते.

अशात एका संध्याकाळी थोरली एनसीसीच्या शिबिरातून आली. अंगावर खाकी, पायांत बूट, हातात जपून धरलेला एक कागद. कागदावर पाच भोके.

"आई, पप्पा, बघा. पंचवीस यार्डावरून मारल्यात. पालथं झोपून."

आजीने कनवटीचे दहा रुपयांचे नाणे काढून त्या भोकांवर ठेवले. चार झाकली गेली, एक बाहेर राहिले. आजी म्हणाली, "ही एक कुठं गेली गं?" थोरली हसली. म्हणाली, "श्वास धरायला चुकले, आजी."

मागून तिने खरी गोष्ट सांगितली. एनसीसीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हात चांगला आहे, पण वर्षातून चार-दोन वेळा गोळ्या झाडून नेम बसत नाही, सराव पाहिजे. बरोबरच्या एका मुलीकडे तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली रायफल होती. थोरलीने मागितले काहीच नाही. पण रात्री तिने तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टाचणीने लावला. आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो आणि डोळे वारंवार त्या डब्याकडे जात होते.

आम्हाला रायफलीतले ओ की ठो कळत नव्हते. म्हणून आधी विचारपूस सुरू केली. एनसीसीत पोरे जी वापरतात ती पॉइंट टू-टूची रायफल. गोळीची जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर, शिशाची, वजन सुमारे अडीच ग्रॅम. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळी टोपी असते. या काडतुसाला ती नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. रायफलीची पिन त्या कडेवर आपटते आणि बार उडतो. इंग्रजीत कडेला रिम म्हणतात, म्हणून नाव रिमफायर. बनावट सोपी, म्हणून हे काडतूस इतरांपेक्षा स्वस्त. धक्का कमी, आवाज कमी. नवशिक्याचा खांदा दुखत नाही आणि त्याला दचकायची सवय लागत नाही. शिकवायला हीच रायफल का घेतात, त्याचे कारण हे. मात्र झाडलेले नळकांडे पुन्हा भरता येत नाही. गेली गोळी ती गेलीच.

आता आमच्या दोन चुका सांगतो. सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाचे पैसे वाचले तर बरे.

पहिली चूक. शहरातल्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने वर दुर्बीण बसवलेली चकचकीत छऱ्यांची बंदूक पुढे ठेवली. "मुलीला स्पर्धेत उतरवायचंय ना? मग हीच न्या. दुर्बिणीतून बघितलं की नेम चुकायचा प्रश्नच नाही." आम्ही भाळलो आणि दोन हजार बयाणा देऊन आलो. पुढे कळले की रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मागे डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि पुढे नळीच्या टोकाला कडे, त्यातून बघून नेम धरायचा असतो. बयाणा परत मिळाला नाही.

दुसरी चूक आम्ही करता करता राहिलो. ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, "आमच्या चुलत्यांची पॉइंट टू-टू आहे. चुलते वारले. पस्तीस हजारांत देतो. कागद मागाहून करू." पस्तीस हजार! डब्यात चाळीस होते. पत्रे एक पावसाळा ताडपत्रीवर काढतील, असे आम्ही एकमेकांना सांगूही लागलो.

नशिबाने वस्तीत एक निवृत्त हवालदार राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारले, तर ते उठून उभेच राहिले. "अहो, वारलेल्या माणसाचं हत्यार पोलीस ठाण्यात नाहीतर परवानेवाल्या दुकानात जमा करायचं असतं. परवाना नसताना घरात ठेवलं तर देणारा आणि घेणारा दोघेही आत जातील. त्यात आपल्या वस्तीत रायफल सापडली असं झालं, तर पोरीची एनसीसी, नोकरी, सगळ्यावर पाणी. मागून कोण ऐकून घेणार तुमचं?" चहाचा कप हातात तसाच थंड झाला. आम्ही त्या गृहस्थांना नाही कळवले.

हवालदारसाहेबांनी कायदा समजावला तो असा. पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतोच. आम्ही पुणे ग्रामीणमध्ये, म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग पोलीस चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते कुलपात कसे ठेवणार त्याची हमी. परवान्यासाठी वय २१ पूर्ण पाहिजे. त्याहून लहान मुलांना, १२ वर्षांपासून पुढे, देखरेखीखाली सराव करण्याची सोय कायद्यात आहे. एनसीसीच्या छात्राला तिथल्या कामापुरता वेगळा परवाना लागत नाही. आणि छऱ्यांची एअर रायफल ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोराची नसेल, तर तिला परवान्याची गरज नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीचा जोर त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

नंतर एका रविवारी थोरलीला घेऊन आम्ही पुण्याकडच्या एका रेंजवर गेलो. सकाळची लोकल, पुढे बस. तिथले प्रशिक्षक सर वयस्कर होते, बोलायला साधे. आम्ही विचारले, "सर, कुठली रायफल घ्यावी?" त्यांनी उलट विचारले, "महिन्याला गोळ्या किती परवडतील?"

हा प्रश्न आम्ही स्वतःला एकदाही विचारला नव्हता. रायफल एकदा घेतात, गोळ्या रोज लागतात. घरी येताना लोकलमध्येच थोरलीच्या वहीवर हिशोब मांडला. दिवसाला साठ नेम, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याचे ७२० नेम. पॉइंट टू-टूची गोळी समजा २५ रुपयांना धरली, तर महिन्याचे १८,००० रुपये. छऱ्यांचा ५०० चा डबा समजा ७५० रुपयांना धरला, तर छरा दीड रुपयाला पडला आणि महिन्याचे १,०८० रुपये. भाव वरखाली होतात, कंपनीप्रमाणे बदलतात. पण दोन्हींत केवढे अंतर आहे ते बघा. पॉइंट टू-टू घेतली असती, तर ती कपाटात पडून राहिली असती आणि घरचे घालवून बसलो म्हणून पोरगी झुरत राहिली असती.

सरांनी आणखीही सांगितले. परवान्यावर काडतुसे किती घ्यायची त्याचीही मर्यादा लिहिलेली असते. स्पर्धेच्या चांगल्या पॉइंट टू-टू रायफली परदेशातून येतात, किंमत लाखांच्या घरात. त्या मागवण्याची सवलत काही दर्जा गाठलेल्या नेमबाजांना मिळते. "म्हणजे आधी नेम, मग रायफल," सर म्हणाले. "एअर रायफलीवर उभं राहणं, श्वास, चाप दाबणं, एवढं पक्कं झालं की पॉइंट टू-टूवर जायला वेळ लागत नाही. दोन्हींचं मूळ एकच." मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या, हेही त्यांनी थोरलीला सांगितले.

दहा मीटरवरच्या एअर रायफलीच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा. पन्नास मीटरवरच्या पॉइंट टू-टूला दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. छऱ्यांची म्हणजे पोरखेळ, असे आम्हाला वाटत होते. ते तिथे उतरले.

मग सरांनी थोरलीला तपासले. दोन्ही हात पुढे करून पंजांत लहान भोक ठेवायला लावले आणि त्यातून भिंतीवरचे घड्याळ बघायला सांगितले. एकेक डोळा मिटवून पाहिला. पोरगी लिहिते, जेवते उजव्या हाताने, पण तिचा जोर डाव्या डोळ्यावर निघाला. शिबिरात पाचवी गोळी बाहेर का गेली, त्याला हेही एक कारण असेल. सरांनी डाव्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावली. डोळा जोराने मिटायचा नाही, तोंड आवळले की मान आवळते. दहा छऱ्यांतच फरक दिसला. दुकानात आम्हाला हे कोणी विचारले नव्हते.

रायफल अंगाला बसली पाहिजे, हा त्यांचा दुसरा धडा. आमची पोरगी अंगाने बारीक. दस्ता लांब असेल तर मान पुढे काढावी लागते, नळी जड असेल तर पाठ वाकते. म्हणून दस्त्याची लांबी आणि गालाखालची फळी वरखाली करता येणारी रायफल हवी. एका वेळी एकच गोळी हाताने भरायची, अशी रायफल शिकायला सर्वांत चांगली. प्रत्येक नेमाआधी माणूस थांबतो, विचार करतो. आणि पॉइंट टू-टूच्या गोळ्या कुठल्या घ्याव्यात, ते ज्याचे त्याच्या रायफलीने ठरवायचे. एका रायफलीला एका कंपनीची, अगदी एका खेपेची गोळी मानवते, दुसरीला नाही. दहा-दहा झाडून कागदावर बघायचे आणि कुठली भोके जवळजवळ पडतात ती घ्यायची.

आम्ही ठरवले ते असे. पहिले वर्ष रायफल घ्यायची नाही. डब्यातल्या पैशांनी पत्रेच बदलायचे. थोरलीने महिन्यातून दोन रविवार रेंजवर जाऊन तिथलीच रायफल भाड्याने वापरायची. एनसीसीत पॉइंट टू-टूची जी संधी येईल ती सोडायची नाही. घरी रोज अर्धा तास रिकामा सराव. हातात मापाची वजनदार काठी, भिंतीवर ठिपका, उभे राहून श्वास आणि तोल. त्याला दमडी लागत नाही. धाकटा समोर बसून तिला हसवायचा प्रयत्न करी, तेही एक शिक्षणच.

थोरलीने मान हलवली, पण दोन दिवस ती गप्प होती. नवे पत्रे चढले त्या रात्री पाऊस कोसळला, एक थेंब खाली आला नाही. आजी म्हणाली, "बघ पोरी, आता तुझ्या कागदांवर पानी पडायचं न्हाई." तेव्हा ती हसली.

आजीची हरकत मात्र वेगळी होती. १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा आजी आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती. ती आम्हाला म्हणाली, "रोज पहिलं शील म्हनता. आन् घरात बंदूक आनता?" थोरली म्हणाली, "आजी, मी कागदावर मारते. कागदाला जीव नसतो." आजी म्हणाली, "कागदाला नसतो. पर बंदुकीफुडं मानूस बी येतो."

यावर आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. आम्ही विचार केला. आजीचे म्हणणे खोडायचे कशाला, तेच घराचे नियम करावेत. रिकामी असो की भरलेली, नळी कोणाकडे, चिमणीकडेसुद्धा, वळवायची नाही. रेंजवर नेम संपला की नळीत नारिंगी पट्टी घालायची, म्हणजे रिकामी आहे हे लांबून दिसते. घरी पेटीला कुलूप, किल्ली आमच्याजवळ. घराबाहेर मोकळ्या शेतात एक छरासुद्धा झाडायचा नाही. पॉइंट टू-टूची गोळी तर दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते, आणि आमच्या शेताच्या कडेने शाळेची पोरे जातात. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावायचा नाही, कारण शिसे पोटात जाणे वाईट.

दुसऱ्या वर्षी ओव्हरटाइमचे पैसे साठले. रेंजवरच्या एका मुलाने खेळ सोडला होता. त्याची स्पर्धेची एअर रायफल नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. सरांना बरोबर घेतले. नळीचे तोंड ठेचलेले नाही ना, चाप अडकत नाही ना, ते पाहिले. रायफल टेकवून दहा छरे झाडले. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, त्याला साधारण दहा वर्षांची मुदत असते. ती संपत आली होती. नव्या सिलिंडरचे पैसे आम्ही किमतीतून वजा करून घेतले. पैसे तीन हप्त्यांत दिले, प्रत्येक हप्त्याची पावती घेतली. बिल पेटीतच ठेवतो.

रायफल आली आणि वस्तीत बातमी फिरली. १४ एप्रिलला काही तरुण घरी आले. "काका, मिरवणुकीत ताईला रायफल घेऊन गाडीवर उभं करू. काय फोटो येईल!" पोरे आपलीच, मनात वाईट काही नाही. पण आम्ही साफ नाही म्हणालो. आनंदाच्या भरात बंदुकीचा बेफिकीर बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याने वेगळा गुन्हा झाला आहे. आमची रायफल छऱ्यांची, हे आम्हाला ठाऊक, पण फोटो बघणाऱ्याला काय ठाऊक? त्यापेक्षा थोरलीने खाकी घालून मिरवणुकीच्या पुढे संचलन केले. एक-दोघे रुसले. पुढच्या रविवारी त्यांतलाच एक तिच्याबरोबर रेंज बघायला आला.

२०२४ च्या १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभे होते, तेव्हा वस्तीतली वीसेक माणसे आमच्या नव्या पत्र्यांखाली बसली होती. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झालेला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, ते पन्नास मीटरच्या याच पॉइंट टू-टूवर. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या, त्याही याच गोळीवर. थोरली सगळ्यांना समजावून सांगत होती, आता गुडघ्यावर, आता पालथे, आता उभे. आजीने विचारले, "ह्येची रायफल त्येची सोताची हाय का?" थोरली म्हणाली, "आता आहे, आजी. पहिल्या दिवशी कोणाचीच नसते."

थोरलीला अजून मोठे बक्षीस मिळालेले नाही. एनसीसीच्या निवडीत एकदा ती दोन गुणांनी मागे पडली, रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा काठी धरून उभी होती. पॉइंट टू-टू आम्ही आजही घेतलेली नाही. तिची एकवीस वर्षे पूर्ण होतील, गुण त्या पायरीवर पोचतील आणि गोळ्यांचा खर्च पेलेल, तेव्हा रीतसर अर्ज करू. तोवर रेंजवरची रायफल आहे आणि एनसीसीची आहे.

आपल्या घरात असा हात असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर आमचे एवढेच सांगणे. आधी शाळा-कॉलेजच्या एनसीसीत नाव घाला. मुले लहान असतील तर क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीची चौकशी करा. रेंजवरच्या रायफलीवर वर्षभर हात बसू द्या. दुकानात जाण्याआधी वहीत गोळ्यांचा हिशोब मांडा. डोळा तपासून घ्या, दस्ता अंगाला लावून बघा. आणि "कागद मागाहून करू" म्हणणाऱ्याला दारातूनच चहा न देता परत पाठवा.

रविवारी थोरली सातच्या लोकलने परत येते. पेटी ठेवून हात धुते आणि कागद आजीपुढे टाकते. आजी कनवटीचे नाणे काढते. हल्ली ती दहा रुपयांचे सोडून एक रुपयाचे नाणे ठेवून बघते.

जयभीम.